सांगितलं तर काय होईल?

दिवाळीच्या आगेमागे बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड टोळ्या कारखान्यांकडे निघतात. आई-वडील फडावर, आणि बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असलेली लेक गावात आजीपाशी, नाहीतर तालुक्याच्या वसतिगृहात. सकाळच्या गाडीनं कॉलेज, दुपारी प्रॅक्टिकल, संध्याकाळी शेवटची एसटी. बायकांना एसटीचं तिकीट २०२३ पासून अर्धं झालं. आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी २०२४ पासून माफ झाली. पैशाची अडचण थोडी हलकी झाली, पण मराठवाड्यातल्या हजारो मुलींच्या शिक्षणावर एक अट अजून तशीच आहे. ती कुठेही लिहिलेली नाही. काही ‘झालं’ तर घरी बसायचं.

म्हणून प्रयोगशाळेत कुणी अंगाला हात लावला, गाइडनं रात्री अकराला फोन करून भलतंच विचारलं, मित्रानं रूमवर बोलावून जबरदस्ती केली, की या मुलीच्या डोक्यात आधी हिशेब सुरू होतो. तक्रार केली की कॉलेजचं पत्र घरी जाणार. पत्र चुलत्याच्या हाती पडणार. चुलता टीसी काढून आणणार. उन्हाळ्यात स्थळ येणार. या हिशेबात ज्यानं हे केलं त्याचं नावही येत नाही. सगळी किंमत तिच्याच नावे पडते, आणि तिला ती आधीच ठाऊक असते.

त्यामुळे कॉलेजमधली कोणतीही समिती, नियम किंवा हेल्पलाइन पाहताना मी एकच गोष्ट तपासते: तोंड उघडल्यावर हिचं शिक्षण शाबूत राहील का? याचं उत्तर ‘हो’ असेल तर मुली सांगतात. नसेल तर फलकावर कितीही नावं रंगवली तरी पेटी रिकामीच राहते आणि कॉलेज नॅकच्या, म्हणजे कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेच्या, फाइलमध्ये अभिमानानं लिहितं: एकही तक्रार नाही.

बलात्काराच्या नोंदलेल्या गुन्ह्यांमध्ये नव्वद टक्क्यांहून अधिक प्रकरणांत आरोपी पीडितेच्या ओळखीचा असतो, असं राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे अहवाल वर्षानुवर्षे सांगत आले आहेत. तरीही आपली सगळी तयारी अनोळखी माणसासाठी असते. भिंत उंच करा, फाटकावर गार्ड ठेवा, मुलींच्या वसतिगृहाला सातला कुलूप घाला. दिवे हवेतच, ग्रंथालयापासून वसतिगृहापर्यंतचा रस्ता उजेडात हवाच. पण विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, म्हणजे यूजीसीच्या, २०१५च्या विनियमांनी स्पष्ट सांगितलं आहे की सुरक्षिततेचं कारण पुढे करून मुलींच्या वसतिगृहावर मुलांपेक्षा वेगळे, जाचक नियम लादता येणार नाहीत. हे निव्वळ समतेपोटी सांगितलेलं नाही, त्याला व्यावहारिक कारणही आहे. सातनंतर बाहेर राहणं हाच गुन्हा ठरला की साडेसातला जिच्यावर हल्ला झाला ती रेक्टरकडे जाणार नाही. आधी तिलाच विचारलं जाईल, तू बाहेर काय करत होतीस.

ओळखीचा माणूस रोखायचा तर त्याच्या हातात एकट्याची सत्ता कुठे आहे ते शोधावं लागतं. प्रॅक्टिकलचे आणि इंटर्नलचे मार्क एकाच हाती. पीएच.डी.चा गाइड, ज्याच्या सहीशिवाय सहामाही अहवाल पुढे सरकत नाही. विद्यापीठाच्या संघात नाव घालणारा क्रीडा प्रशिक्षक. शिष्यवृत्तीचा अर्ज अडवून ठेवणारा कारकून. तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापिकेची पुढच्या वर्षीची नेमणूक ज्याच्या मर्जीवर आहे तो प्राचार्य. या प्रत्येक ठिकाणी दुसरी सही, दुसरा परीक्षक, उघडं दार एवढं केलं तरी बरंच काही टळतं. तोंडी परीक्षेला दोन परीक्षक. सूचना वर्गाच्या ग्रुपवरच. मुलीच्या खाजगी नंबरवर रात्री मेसेज नाही. गाइडची बैठक विभागात आणि विभागाच्या वेळेत. घरी नाही, गाडीत नाही, परिषदेच्या गावी लॉजवर तर नाहीच.

शिबिरांकडे सगळ्यांचं दुर्लक्ष होतं. राष्ट्रीय सेवा योजनेचं सात दिवसांचं विशेष शिबिर दत्तक गावात असतं, मुक्काम बहुधा जिल्हा परिषदेच्या शाळेत. निघण्याआधी कुणीतरी तिथे जाऊन पाहून यायला हवं. मुलींच्या खोलीला आतून कडी आहे का, शौचालयाच्या वाटेवर बल्ब आहे का, महिला कार्यक्रम अधिकारी त्याच इमारतीत झोपणार आहेत का. बाजारहाटाला एका सरांसोबत एकटी मुलगी जाणार नाही, हे शिबिराच्या वेळापत्रकातच लिहावं. यूजीसीच्या व्याख्येत ‘परिसर’ म्हणजे फक्त फाटकाच्या आतली जागा नव्हे. सहल, इंटर्नशिप, क्रीडा स्पर्धा, युवक महोत्सव, कॉलेजची बस हे सगळं त्यात येतं. ‘ते कॉलेजबाहेर घडलं’ असं म्हणून लैंगिक छळाच्या तक्रारी पाहणाऱ्या कॉलेजच्या समितीला हात झटकता येत नाहीत.

आता घडून गेल्यानंतरचं.

मुलगी पहिल्यांदा बोलते ती मैत्रिणीशी. कधी एखाद्या मॅडमशी, कधी मेसच्या मावशीशी. त्या पाच मिनिटांत ऐकणारी जे बोलेल त्यावर पुढचं बरंच ठरतं. ‘तू तिथे गेलीसच कशाला?’ हा प्रश्न कितीही काळजीनं विचारला तरी तिला त्यात आरोपच ऐकू येतो. ‘ओरडली का नाहीस?’ हाही तसाच. भीतीनं शरीर गोठतं, आवाज फुटत नाही, आणि पुढे घटनेचा क्रमही सलग आठवत नाही. हा खोटेपणा नाही, शरीराची ती रीतच आहे. म्हणायचं एवढंच: ‘सांगितलंस ते बरं केलंस. तुझी चूक नाही. आत्ता तुला काय हवंय? मी सोबत येते.’ मग गप्प बसून ऐकायचं. सगळं तपशिलात वदवून घेणं हे मैत्रिणीचं काम नाही, तिला ते पुढे अनेकदा सांगावं लागणारच आहे. आणि तिला न विचारता भावाला, वडिलांना, मुलांच्या ग्रुपला कळवायचं नाही. मुलगी अठरा पूर्ण असेल तर घरी कळवायचं की नाही हा निर्णय तिचा आहे.

बलात्कार किंवा तसाच गंभीर हल्ला असेल तर पहिलं ठिकाण रुग्णालय. संभाजीनगरची घाटी, अंबाजोगाई, लातूर किंवा नांदेडचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय जवळ असेल तर थेट तिथे, नाहीतर जिल्हा रुग्णालय. पोलिसांचं पत्र आणा मग पाहू, असं डॉक्टरला म्हणता येत नाही. सरकारी असो की खाजगी, प्रत्येक रुग्णालयानं तत्काळ आणि मोफत उपचार करायचे आहेत; नाकारले तर तो गुन्हा आहे. रुग्णालय पोलिसांना कळवेल, कायद्यानं त्याला ते करावंच लागतं. पण न्यायवैद्यक तपासणीला होकार द्यायचा की नकार, हे तिनं ठरवायचं. तिनं तपासणी नाकारली तरी उपचार थांबत नाहीत. कौमार्य तपासण्याची ती जुनी ‘दोन बोटांची’ चाचणी करणारा डॉक्टर गैरवर्तनाचा दोषी ठरेल, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२२ मध्ये बजावलं आहे. सोबत गेलेल्या मैत्रिणीला हे माहीत असलं तर ती तिथेच, त्याच क्षणी बोलू शकते.

वेळेचं गणित पाठ असावं. शरीरावरचा पुरावा साधारण ९६ तासांपर्यंत मिळण्याची शक्यता असते आणि तासागणिक ती घटते. शक्यतो अंघोळ करू नये, दात घासू नयेत, कपडे धुऊ नयेत. बदललेच असतील तर प्रत्येक कपडा वेगळ्या कागदी पिशवीत किंवा वर्तमानपत्रात गुंडाळून न्यावा. प्लास्टिकच्या पिशवीत ओल कोंडते, बुरशी येते आणि नमुना वाया जातो. अंघोळ झाली असेल तरी जावंच. कपड्यांवर, नखांत, अंगावरच्या खुणांत बरंच काही उरतं, आणि उपचार तर हवेतच. पेयात काही मिसळल्याचा संशय असेल तर लघवीचा नमुना लवकरात लवकर घ्यायला सांगावं, कारण अशी औषधं शरीरातून झपाट्यानं निघून जातात.

एचआयव्ही टाळण्याची औषधं ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात, जितकी लवकर तितकी चांगली, आणि २८ दिवस न चुकता घ्यावी लागतात. मळमळतं म्हणून आठव्या दिवशी गोळ्या सोडल्या तर केलेलं सगळं फुकट जातं, म्हणून रोज आठवण करून देणारं एक माणूस हवं. गर्भधारणा टाळण्यासाठी लेव्होनॉरजेस्ट्रेलची १.५ मिलिग्रॅमची गोळी, तीही ७२ तासांच्या आत. घेतल्यावर दोन-तीन तासांत उलटी झाली तर पुन्हा घ्यावी लागते. ही गोळी मेडिकलमध्ये चिठ्ठीशिवाय मिळते. तीन आठवड्यांनी गर्भचाचणी करावी. गर्भ राहिलाच तर २०२१च्या दुरुस्तीनुसार बलात्कारपीडितेला २४ आठवड्यांपर्यंत कायदेशीर गर्भपात करता येतो. धनुर्वात आणि कावीळ-बी यांच्या लसींचंही विचारून घ्यावं. गर्दीच्या ओपीडीत या गोष्टी राहून जातात.

पोलिसांचा भाग थोडक्यात. जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. घटना कुठल्याही हद्दीत घडलेली असो, कुठलंही ठाणं शून्य क्रमांकानं गुन्हा नोंदवून घेतं. परभणीच्या मुलीवर संभाजीनगरात अत्याचार झाला आणि ती घरी पळून आली, तर परभणीतच नोंद होते. जबाब महिला अधिकाऱ्यानं घ्यायचा. एफआयआरची प्रत मोफत मिळते. ती हातात आल्याशिवाय ठाणं सोडू नये. नोंदच घेत नसतील तर पोलीस अधीक्षकांना लेखी, टपालानं कळवता येतं, आणि अशा गुन्ह्याची नोंद टाळणाऱ्या अधिकाऱ्याला किमान सहा महिन्यांची कैद आहे. मुलगी अनुसूचित जाती-जमातीची आणि आरोपी त्याबाहेरचा असेल तर अ‍ॅट्रॉसिटी कायद्याची कलमं पहिल्याच दिवशी लागली आहेत ना, हे वाचून पाहावं. मग तपास उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडे जातो आणि साहाय्याचा मार्गही वेगळा खुला होतो. ज्या भूमीत विद्यापीठाच्या नामांतरासाठी लोकांनी घरंदारं आणि जीव गमावले, तिथे जातीचं बळ वापरून केलेला अत्याचार ‘दोन पोरांची भानगड’ म्हणून नोंदला जाऊ नये. नुकसानभरपाई आणि आधारासाठी मनोधैर्य योजना आहे, अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून पुढे जातो. वकील मोफत मिळण्यासाठी १५१००, तातडीसाठी ११२, महिलांसाठी १८१.

समितीबद्दल मात्र सविस्तर बोलायला हवं, कारण तिथेच सगळ्यात जास्त बिघडतं.

कॉलेजात अजून तिला ‘विशाखा समिती’ म्हणतात. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३च्या कायद्यानं ती अंतर्गत समिती झाली आणि यूजीसीनं तिची रचना ठरवून दिली. अध्यक्ष वरिष्ठ प्राध्यापिका, दोन अध्यापक, दोन शिक्षकेतर कर्मचारी, बाहेरच्या संस्थेतली एक व्यक्ती, आणि प्रकरण विद्यार्थ्यांचं असेल तर तीन विद्यार्थी प्रतिनिधी, तेही निवडून आलेले. निम्म्याहून कमी स्त्रिया चालत नाहीत. कुलगुरू, कुलसचिव, अधिष्ठाता, विभागप्रमुख यांना सदस्य होता येत नाही. ज्यांच्या हाती सत्ता आहे त्यांनी चौकशीला बसू नये, एवढाच त्यामागचा विचार. प्रत्यक्षात काय होतं? विनाअनुदानित कॉलेजात वरिष्ठ प्राध्यापिकाच नसते, मग तासिका तत्त्वावरच्या मॅडमना अध्यक्ष करतात. त्या संस्थाचालकाच्या भाच्याविरुद्ध काय निष्कर्ष लिहिणार? बाहेरची सदस्य म्हणून संस्थेच्याच दुसऱ्या शाळेतल्या बाई येतात. विद्यार्थी प्रतिनिधी प्राचार्यांच्या पसंतीचे. समितीच स्थापन केली नाही तर ५०,००० रुपये दंड आहे, म्हणून कागदावर ती सगळीकडे असते.

बाहेरच्या सदस्याचा आग्रह धरायला हवा. कॉलेजच्या पगारावर जिचं काही अवलंबून नाही अशी या खोलीत ती एकटीच असते. तिला दिवसाला २०० रुपये भत्ता आणि प्रवासखर्च द्यायचा, असं नियमातच आहे. तो अंदाजपत्रकात आधीच धरला नाही की नांदेडहून किनवटला कुणी येत नाही आणि बैठक तिच्याविनाच उरकली जाते. तक्रार खुद्द संस्थाचालकाविरुद्ध असेल तर ती जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करायची असते. ती कुठे बसते याची चौकशी जिल्हाधिकारी कार्यालयात होते. दहापेक्षा कमी कर्मचारी असलेल्या ठिकाणांसाठीही हीच समिती. लहान खाजगी क्लासमधल्या मुलीला हे कुणी सांगतच नाही.

तक्रार शेवटच्या घटनेपासून तीन महिन्यांत द्यायची; कारण पटलं तर समिती आणखी तीन महिने वाढवू शकते. कागदावर तारीख, वेळ, जागा, काय घडलं तो क्रम, कोण जवळपास होतं. शिवी किंवा घाणेरडं वाक्य असेल तर ते जसंच्या तसं लिहावं. ‘अपशब्द वापरले’ असं सभ्य करून लिहिलं की चौकशीत पुरावा पातळ होतो. चॅट डिलीट करू नये. स्क्रीनशॉटमध्ये नंबर आणि तारीख दिसली पाहिजे, मूळ फोन जपून ठेवावा. लिहिता येत नसेल, हात थरथरत असेल, तर लिहून देण्यात मदत करणं हे समितीचं कर्तव्य आहे. कागदपत्रांसह सहा प्रती द्यायच्या असतात आणि सातवीवर पोच घ्यायची, सही, शिक्का, तारखेसह.

त्या क्षणी अध्यक्षांनी विचारायचा पहिला प्रश्न असा: तुला पत्र कुठे पाठवू? गावच्या पत्त्यावर गेलेल्या एका नोटिशीनं सगळं संपतं. हाती द्या, नाहीतर तिनं दिलेल्या ईमेलवर पाठवा. दुसरी गळती कार्यालयातली. जबाब टाइप करायला कारकुनाकडे गेला की दुपारच्या चहापर्यंत नाव गावभर होतं. सदस्यानं स्वतः टाइप करावं, प्रिंट स्वतः काढावी, फाइल कुलपात ठेवावी. बैठक प्राचार्यांच्या केबिनमध्ये घेऊ नये. बाहेर बाकावर बसलेली मुलगी साऱ्या कॉलेजला दिसते.

मग येतो ‘मिटवून घ्या’चा दबाव. पोराच्या आयुष्याचं वाटोळं होईल, तुझ्याही बदनामीचा प्रश्न आहे, दोन्ही घरं एकाच गावची. कायदा इथे स्पष्ट आहे. समेटाची मागणी फक्त तक्रारदार मुलगी करू शकते, आणि पैशाच्या व्यवहारावर समेट होऊ शकत नाही. समितीनं स्वतःहून हा विषय काढणंच चूक. बलात्कारासारख्या गुन्ह्यात तर समेटाला जागाच नाही. तिथे समितीनं मुलीला पोलिसांपर्यंत पोचायला मदत करायची.

घाई हाही मोठा दोष आहे, आणि तो मुलीच्या बाजूच्या लोकांकडूनच होतो. गोवा विद्यापीठातल्या एका विभागप्रमुखाविरुद्ध विद्यार्थिनींनी २००९ मध्ये तक्रारी केल्या. समितीनं दोषी ठरवलं, नोकरी गेली. पण चौकशीच्या अखेरीस सुनावण्या इतक्या घाईनं उरकल्या होत्या की त्याला बाजू मांडायची पुरेशी संधी मिळाली नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं मे २०२३ मध्ये म्हटलं आणि प्रकरण पुन्हा चौकशीला परत पाठवलं. चौदा वर्षांनी पुन्हा चौकशी. कितीही चीड आली तरी तक्रारीची प्रत सात दिवसांत समोरच्याला द्यायची, उत्तराला दहा दिवस, साक्षीदारांचे जबाब दोघांनाही द्यायचे, प्रत्येक पानावर सही. दोघांना समोरासमोर बसवायची गरज नाही. त्याचे प्रश्न लेखी घेऊन अध्यक्षांनी त्यातले संबंधित तेवढेच विचारावेत. तिचे पूर्वीचे संबंध, कपडे, रीलवरचे फोटो हे प्रश्न तिथेच फेटाळायचे. किमान तीन सदस्य हजर हवेत, वकील कुणाचाच नको, आणि नव्वद दिवसांत चौकशी पूर्ण. पुराव्याचं माप फौजदारी कोर्टाइतकं कडक नसतं, कोणती बाजू अधिक संभवनीय एवढं पाहायचं. तक्रार सिद्ध झाली नाही म्हणजे ती खोटी ठरत नाही. हे वाक्य अहवालात शब्दशः लिहावं, नाहीतर गाव तिला खोटारडी ठरवून मोकळं होतं.

या नव्वद दिवसांत ती मुलगी कॉलेजला कशी येणार, हे बहुतेक समित्या विचारातच घेत नाहीत. अंतरिम दिलासा तिनं लेखी मागायचा आणि समितीनं लगेच द्यायचा. त्या प्राध्यापकाला तिचे पेपर, प्रॅक्टिकल, व्हायवा तपासता येणार नाही. त्या मुलाला तिच्यापासून दूर राहण्याची लेखी ताकीद, वसतिगृह त्याचं बदलायचं, तिचं नाही. तीन महिन्यांपर्यंत रजा, हक्कांना धक्का न लागता. ही रजा हजेरीच्या ७५ टक्क्यांच्या गणितात कशी धरणार याचं पत्र परीक्षा विभागाला आणि शिष्यवृत्तीच्या टेबलावर आधीच जायला हवं, कारण न सांगता, त्यात ‘रजा मंजूर’ एवढंच लिहून. नाहीतर हॉल तिकीट अडतं आणि खिडकीपाशी तिला पुन्हा सगळं सांगावं लागतं. झोप उडाली, जेवण तुटलं, तर टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर आहे, तिथे मराठीत बोलता येतं.

लातूर आणि नांदेडच्या क्लासेसच्या गल्ल्यांत राहणारी लेकरं मात्र सोळा-सतरा वर्षांची असतात. नीटसाठी आलेली, रूम करून राहणारी. इथे पॉक्सो, म्हणजे बालकांवरच्या लैंगिक गुन्ह्यांविरुद्धचा कायदा, लागू होतो. अठराच्या खाली संमती हा मुद्दाच उरत नाही, आणि ज्याला कळलं त्यानं पोलिसांना कळवणं सक्तीचं आहे. संस्थेच्या प्रमुखानं ते दडवलं तर त्याला कैद होऊ शकते. क्लासची मॅडम, वसतिगृहाची वॉर्डन, समुपदेशक, कुणीही ‘हे आपल्यातच ठेवू’ असं वचन देऊ नये, कारण ते पाळता येणार नाही. मूल बोलायला लागण्याआधीच सांगावं की काही गोष्टी मला पुढे कळवाव्या लागतात, पण तेव्हा मी तुझ्यासोबत असेन. जबाब तिच्या घरी किंवा तिला हव्या त्या जागी, गणवेश न घातलेल्या महिला अधिकाऱ्यानं घ्यायचा असतो. मुलांवरही अत्याचार होतात, वसतिगृहात रॅगिंगच्या नावाखाली तर नक्कीच. पॉक्सो मुलगा-मुलगी भेद करत नाही, आणि यूजीसीचे विनियमही मुलगे आणि तृतीयपंथी विद्यार्थ्यांवरच्या हिंसेची दखल घ्यायला सांगतात.

शेवटी मुलांच्या वर्गाबद्दल. आठ मार्चला सभागृहात पाहुणे बोलावून तासभर भाषण, फोटो, अहवाल, एवढ्यानं काही बदलत नाही. प्रवेशाच्या पहिल्या महिन्यात, तीस-चाळीसच्या गटात, मुलगे-मुली एकत्र, दोन तास बसावं आणि खरे प्रसंग ठेवावेत. मित्र मुलीचे फोटो ग्रुपवर टाकतोय, तू काय करशील? एसटीत मागच्या सीटवरचा मुलगा पुढच्या मुलीला छळतोय, तू एकटा आहेस, तो तुझ्याच गावचा आहे. भांडायलाच हवं असं नाही. मध्ये जाऊन ‘कोणता स्टॉप आला?’ विचारता येतं, मुलीला ‘इकडे बस’ म्हणता येतं, कंडक्टरला हाक मारता येते, नंतर तिला ‘साक्ष लागली तर माझं नाव दे’ एवढं सांगता येतं. मुलं हे प्रसंग बोलायला लागली की पहिल्या वीस मिनिटांत हसतात, मग कुणीतरी बहिणीचं सांगतो आणि वर्ग गंभीर होतो. समितीच्या अध्यक्षांनी त्या दिवशी तिथे हजर असावं, आपला फोन नंबर फळ्यावर स्वतःच्या हातानं लिहावा आणि सगळ्यांनी तो मोबाइलमध्ये घेतल्यावरच वर्ग सोडावा.